लॅबची डिग्री: सोलापुरातली माझी चार वर्षं

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्या गावाकडची पोरं-पोरी विचारायला येतात, ताई लॅबचं करू का, नोकरी लागते का, मशीनच सगळं करते म्हणतात मग चार वर्षं शिकायचं काय असतं त्यात. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून मी जे बघितलं, जे हाताने केलं ते नीट लिहून ठेवतेय, ज्याला उपयोग होईल त्याने वाचावं.

आधी नावांचा गोंधळ. एमएलटी म्हणजे मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी, रक्त-लघवी-बेडकं तपासायचं शिक्षण. डीएमएलटी म्हणजे त्यातला डिप्लोमा. डिग्रीला कुठे बीएस्सी एमएलटी म्हणतात, कुठे बीएमएलटी, आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा जो कोर्स आहे त्याला बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री) म्हणतात, त्यात लॅबची वेगळी शाखा असते, तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. मी डिग्री केली. घरी सगळ्यांना डीएमएलटीच माहीत, त्यामुळे चौथ्या वर्षातसुद्धा आत्या विचारायची, अगं तुझा डिप्लोमा अजून चाललाच आहे का. तिला समजावून सांगायचे मी दरवेळी, कारण फरक खरंच आहे. डिप्लोमावाल्यांचा हात चांगला बसलेला असतो, त्यात वाद नाही, माझ्या दोन सिनियर डिप्लोमावाल्याच होत्या आणि शिरेला हात लावायला मी त्यांच्याकडूनच शिकले. पण आकडा असा का आला, ह्याच्यावर डिग्रीत जास्त वेळ जातो आणि पुढे एमएस्सीचा रस्ता उघडा राहतो.

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं, पहिली दोन वर्षं एसटीने अप-डाऊन केलं, मग सात रस्त्याजवळ खोली घेतली कारण इंटर्नशिपला रात्रपाळ्या असणार हे सिनियर्सनी सांगून ठेवलं होतं. पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, सगळं इंग्लिशमधून, आणि आमच्यातले अर्धे मराठी माध्यमातले. पुस्तकातलं एक पान कळायला संध्याकाळ जायची. आम्ही तिघींनी एक केलं, एकीने पान मोठ्याने वाचायचं, दुसरीने मराठीत सांगायचं, तिसरीने त्याच्यावर प्रश्न विचारायचे. व्हायव्हाला इंग्लिश अडायचं तेव्हा सर म्हणायचे आधी मराठीत सांग, मुद्दा बरोबर असेल तर मी इंग्लिश करून घेतो. अशा मास्तरांमुळे पोरं टिकतात, हे मी आजही मानते. त्यामुळे नुसतं माध्यम मराठी म्हणून कुणी मागे हटू नका.

खरी गोडी लागली दुसऱ्या वर्षी, हिमॅटॉलॉजीला, म्हणजे रक्ताच्या अभ्यासाला.

पहिल्यांदा पेशी मोजायचं न्यूबार चेंबर हातात दिलं. जाड काचेची पट्टी असते, मधे डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा रेघा. पिपेटमध्ये रक्त ०.५ पर्यंत ओढायचं, टर्क्स फ्लुइड ११ पर्यंत, म्हणजे एकास वीस पातळ झालं, ह्यातल्या ॲसिडने लाल पेशी फुटून जातात आणि पांढऱ्या तेवढ्या जांभळट ठिपक्यांसारख्या उरतात. पहिले काही थेंब टाकून द्यायचे, मग कव्हरस्लिपच्या कडेला पिपेटचं टोक लावलं की द्रव आपोआप आत सरकतो. चार कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजायचे, वरच्या आणि डाव्या रेघेवरची पेशी घ्यायची, खालची आणि उजवीकडची सोडायची, म्हणजे एकच पेशी दोनदा मोजली जात नाही. चौघांची बेरीज गुणिले पन्नास, म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तातल्या पांढऱ्या पेशी. मला १४० आल्या, म्हणजे सात हजार. शेजारच्या मुलीला त्याच रक्तात साडेपाच हजार. मॅडमनी दोघींचे चेंबर बघितले, तिच्यात एका बाजूला हवेचा बुडबुडा होता. मग आमच्या सगळ्या बॅचला एकच रक्त देऊन मोजायला लावलं आणि फळ्यावर प्रत्येकीचा आकडा लिहिला. रक्त एकच, आकडे इतके वेगवेगळे. मॅडम म्हणाल्या, आता हा फळा नीट बघून घ्या, पेशंट एकच आहे आणि त्याचं औषध ह्यातल्या एका आकड्यावर ठरणार आहे.

त्या दिवसापासून मला ह्या विषयाकडे बघायची नजर आली असं म्हणते मी. नंतर मशीन शिकवलं तेव्हाही हेच डोक्यात होतं. सेल काउंटर म्हणजे काय, बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जाते, विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो, जेवढी पेशी मोठी तेवढा ठोका मोठा. कुल्टर नावाच्या माणसाने हे शोधलं, १९५३ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि आज आपल्या तालुक्याच्या लॅबमधलं मशीनसुद्धा बहुतेक त्याच तत्त्वावर चालतं. म्हणजे मशीनला पेशी दिसत नाही, तिला फक्त आकार कळतो. हे एक वाक्य पाठ करून ठेवा, पुढे लागणार आहे.

स्लाइडचं सांगते. रक्ताचा थेंब, दुसरी स्लाइड तीस-पंचेचाळीस अंशात तिरकी धरून एका झटक्यात ओढायची, स्मिअर म्हणजे काचेवरचा तो रक्ताचा थर जिभेसारखा यायला पाहिजे, शेवटाला पातळ होत गेलेला. मग लिश्मन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंग. दोन मिनिटं नुसता स्टेन, त्यातल्या मिथेनॉलने पेशी काचेला पक्क्या बसतात, मग दुप्पट बफरचं पाणी घालून आठ-दहा मिनिटं. बफरचा पीएच ६.८ पाहिजे. आमच्यातल्या काहींनी सुरुवातीला बफर संपला म्हणून नळाचं पाणी वापरलं, सोलापुरात पाणी किती दिवसाआड येतं आणि कसं जड असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको, स्लाइड अशी निळीशार झाली की लाल पेशीसुद्धा निळ्या, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीचे केशरी दाणे ओळखूच येईनात. पाण्याचा पीएच चढला की स्टेन निळ्याकडे झुकतो. पुस्तकात हे एका ओळीत आहे. आपल्या हाताखाली स्लाइड बिघडते तेव्हा ती ओळ कायमची लक्षात राहते.

आता रक्त काढणं. लोकांना वाटतं लॅबवाले म्हणजे एवढंच. एवढंच नाही, पण सगळं इथूनच सुरू होतं. ट्यूबचे रंग सगळ्यांना दिसतात, जांभळी ईडीटीएची (ह्या रसायनाने रक्त गोठत नाही) सीबीसीला म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, निळी सायट्रेटची रक्त गोठायच्या टेस्टला, करडी फ्लोराइडची शुगरला, लाल किंवा पिवळी सीरमला म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पाण्याला, पण कुठल्या क्रमाने भरायच्या ह्यालासुद्धा नियम आहे. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायची बाटली असेल तर ती आधी, मग निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. निळीत एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त, खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कमी भरली तर पीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ खोटा लांबतो आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटचा डोस त्याच्यावर बदलला जातो. टुर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, मिनिटभराच्या वर ठेवायचं नाही. हे सगळं सकाळी नऊ वाजता समोर लांबलचक लाइन असताना पाळायचं असतं.

आमच्या कलेक्शन रूमला सगळं सोलापूर यायचं. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मावश्या, विड्या वळून वळून बोटं कडक झालेली, अक्कलकोटकडचे कानडी बोलणारे शेतकरी, नई जिंदगीकडून येणाऱ्या दख्खनी बोलणाऱ्या आज्या. माझ्या बॅचची एक मैत्रीण घरी तेलुगू बोलणारी, तिने मला मूठ आवळा, मूठ सोडा, झालं आता, घाबरू नका एवढं तेलुगूत शिकवलं, आणि खरं सांगते, माणसाला आपल्या भाषेत दोन शब्द ऐकू आले की हात सैल सोडतो तो, शीर लगेच सापडते. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही, पण सोलापुरात लॅब करायची तर असायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ऊन. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा गावात कॅम्प लागला की सॅम्पल शहरात यायला दोन-तीन तास. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर आतल्या पेशी शुगर खात राहतात, साध्या खोलीच्या तापमानातच तासाला पाच-सात टक्के कमी होते, उन्हात अजून जास्त. म्हणजे १३० ची शुगर दुपारी ११०-११५ दिसणार आणि तो माणूस घरी जाऊन सांगणार, मला काही शुगर नाही. करड्या ट्यूबमधलं फ्लोराइड एनोलेज नावाचं एन्झाइम बंद पाडतं पण तेसुद्धा लगेच नाही, तास-दीड तास तरी थोडी थोडी कमी होतच राहते, म्हणून थंड ठेवायचं आणि सीरम किंवा प्लाझ्मा लवकर वेगळा करायचा. बरं सगळंच बर्फात घालून चालत नाही, पोटॅशियमचं अख्खं रक्त फ्रीजमध्ये ठेवलं तर पेशींमधला पंप थंडीने बंद पडतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं, रिपोर्ट खोटा वाढतो. एका कॅम्पला मी सरांबरोबर गेले होते, त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून ट्यूब गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायचं छोटं सेंट्रिफ्यूज तिथेच लावलं होतं, लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टर सोबत आणलेला. गावातले लोक म्हणत होते एवढं कशाला साहेब, सोलापूरला नेऊनच करा की. सरांनी प्रत्येकाला थांबून कारण सांगितलं.

तिसऱ्या वर्षी मायक्रोबायोलॉजी आणि ब्लड बँक. टीबीचं बेडकं तपासणं हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला टीबीचा जंतू जाहीर केला, आणि झील-नील्सनचा लाल-निळा स्टेन तेव्हापासून थोड्याफार फरकाने तसाच चालू आहे. कार्बोल फुक्सिन घालून खालून गरम करायचं, वाफ आली पाहिजे पण उकळायचं नाही, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने रंग उतरवायचा, मग मिथिलीन ब्लू. टीबीचा जंतू मेणचट कवचामुळे लाल रंग सोडत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काडी, कधी एकटी, कधी दोन चिकटलेल्या. निगेटिव्ह म्हणायच्या आधी शंभर फील्ड बघायची, फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा भाग. शंभर म्हणजे शंभर. शंभर फील्डमध्ये एक ते नऊ सापडले तर स्कॅन्टी, नेमका आकडा लिहायचा, दहा ते नव्व्याण्णव म्हणजे वन प्लस. बऱ्याच जणांची मान तीस-चाळीस फील्डला दुखायला लागते आणि तिथेच खरी परीक्षा असते, कारण स्कॅन्टीवाला पेशंट हा पुढच्या साठ फील्डमध्येच असतो. आता जंतूचे जनुक शोधणारी ट्रूनॅट, सीबीनॅट ही मशीन आलीयेत, ट्रूनॅट तर गोव्याच्या कंपनीने बनवलेलं, त्यात औषधाला दाद न देणारा टीबीही कळतो, खूप चांगली गोष्ट आहे. पण डबीत बेडक्याऐवजी थुंकी आली तर ट्रूनॅटही काही करू शकत नाही.

म्हणून डबी देतानाचं बोलणं. एक आजोबा यायचे, बार्शीकडचे, महिना-दोन महिने खोकला, वजन उतरलेलं, दोनदा नमुना दिला होता आणि दोन्ही वेळा पाण्यासारखी लाळ. मॅडम मला म्हणाल्या, तू जा त्यांच्याबरोबर बाहेर. मोकळ्या हवेत, लोकांपासून लांब उभं केलं, आधी साध्या पाण्याने चूळ भरायला लावली, मग खोल श्वास आत, थोडं धरून ठेवा, सोडा, परत आत, परत सोडा, आणि तिसऱ्याला पोटातून खोका. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे जाईल अशी उभी राहून मी करून दाखवत होते, ते बघून बघून करत होते. घट्ट पिवळसर नमुना आला. दुसरा नमुना उद्या सकाळी उठल्याबरोबर घरूनच आणा म्हणून डबी हातात दिली. पहिल्याच स्लाइडला टू प्लस, म्हणजे वन प्लसच्याही पुढचं. औषध सुरू झालं त्यांचं, सरकारी, फुकट. एवढ्या दिवसांत त्यांना कुणी पाच मिनिटं दिली असती तर घरातल्या नातवंडांचा धोका तरी तेवढा कमी झाला असता, हा माझा राग अजूनही आहे.

ब्लड बँकेत ग्रुपिंग दोन्ही बाजूंनी करायला शिकवतात. पेशंटच्या पेशींवर निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, आणि अँटी-डी टाकून बघायचं, हे झालं फॉरवर्ड. मग पेशंटचं सीरम घेऊन माहीत असलेल्या ए, बी, ओ पेशींशी, ते रिव्हर्स. पोरांना वाटतं एकदा कळलं ना ग्रुप, परत उलटं कशाला. तर त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रक्त शोधलं की फॉरवर्डला ओ दिसतं पण ओ पेशींशीसुद्धा जुळत नाही. हाच बॉम्बे ब्लड ग्रुप. त्यांच्यात एच अँटिजन, म्हणजे ओ पेशींवरही असलेली खूण, नसतोच, उलट एचच्या विरुद्धची अँटिबॉडी असते, त्यामुळे ओ ची पिशवी चढवली तर जीव जाऊ शकतो, त्यांना बॉम्बेचंच रक्त लागतं. फॉरवर्ड करून थांबलं तर तो माणूस ओ म्हणूनच नोंदला जाणार. आमच्या सरांनी हे शिकवताना रजिस्टर उघडून दाखवलं होतं, रिव्हर्सचे तीन रकाने, आणि म्हणाले ह्यातला ओ सेलचा रकाना तुम्ही कधीच मोकळा सोडायचा नाही.

मग इंटर्नशिप. इथे मी थोडं सविस्तर सांगते कारण चार वर्षांचं सार तिथेच कळलं.

ऑक्टोबर महिना, डेंग्यूची लाट, रोज सीबीसीचा ढीग. सोलापुरात आता भाजीवाल्यालासुद्धा प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) माहीत आहेत, नातेवाईक खिडकीत येऊन पहिला प्रश्न तोच विचारतात, किती आल्या. एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं सॅम्पल लागलं, प्लेटलेट २२ हजार. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख. वडील बाहेरच होते, कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं की पन्नासच्या खाली गेल्या की पिशवी लागते, ते फोनवर पैशांची जमवाजमव करत होते, आवाज आत येत होता. कॉम्प्युटरवर आदल्या दिवशीचा आकडा होता, १ लाख ५० हजार. एका दिवसात एवढं खाली, आणि पोरगा बाकड्यावर बसून बिस्किट खातोय, अंगावर एक ठिपका नाही. माझ्याबरोबर ज्या सिनियर मॅडम होत्या त्यांनी रिपोर्ट धरून ठेवला. आधी ट्यूबमध्ये काडी फिरवून बघायला लावली, गुठळी नाही. मग स्लाइड काढली. स्टेन करून दहापटीच्या लेन्सवर आधी स्मिअरचं टोक बघितलं, पेशींच्या ओळी संपतात तिथे, आणि तिथे प्लेटलेटचे झुपकेच्या झुपके. वीस-तीस प्लेटलेट एकमेकींना चिकटून बसलेल्या.

वर मी म्हणलं ना, मशीनला फक्त आकार कळतो. झुपका मोठा, मशीनच्या लेखी ती प्लेटलेट नाहीच. काही माणसांच्या रक्तात ईडीटीए आलं की प्लेटलेट चिकटतात, ट्यूबमध्ये, शरीरात नाही. शरीरात सगळ्या जागच्या जागी असतात. पोराला परत बोलावलं, निळ्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त घेतलं, लगेच लावलं, १ लाख ३० हजार, आणि सायट्रेटमुळे रक्त पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं, १ लाख ४३ हजार. स्लाइडवर ऑइल इमर्शनला झुपके नसलेल्या भागात एका फील्डमध्ये नऊ-दहा दिसत होत्या, गुणिले पंधरा हजार, हिशोब जुळला. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं, त्यांनी रिपोर्टवर शेरा लिहिला की ईडीटीएत प्लेटलेट चिकटतात, पुढच्या वेळी सायट्रेटमध्ये घ्यावं. आणि आम्हाला सांगितलं की वडिलांना हे कागदावर लिहून द्या, पाकिटात ठेवायला, कारण हा पोरगा आयुष्यात पुढे कुठल्याही लॅबमध्ये गेला तरी हेच परत होऊ शकतं. मी लिहून दिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. वडिलांनी दोनदा वाचून घेतलं.

अशीच दुसरी केस, पोटॅशियम ९.८. साडेतीन ते पाच नॉर्मल, आठ-नऊला तर हृदय बंद पडायची भीती. वॉर्डाला फोन करायच्या आधी सर म्हणाले त्याच सॅम्पलवर कॅल्शियम लाव. कॅल्शियम ३.२, जे साडेआठच्या वर पाहिजे. दोन्ही एकदम असं असेल तर माणूस बोलत-चालत नसतो, आणि तो चालत बाथरूमला गेला होता. ईडीटीएचं मीठ पोटॅशियमचं असतं आणि ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं होतं, लाल कमी पडली म्हणून. परत नमुना मागवला, ४.३. ते ९.८ तसंच गेलं असतं तर पोटॅशियम उतरवायची औषधं चांगल्या माणसाला गेली असती.

ह्या दोन्ही वेळी मशीन बिघडलेलं नव्हतं. सकाळी कंट्रोल लावले होते, ते बरोबर होते. कंट्रोलचंही सांगायला पाहिजे, रोज पेशंटचं सॅम्पल लावायच्या आधी आकडा माहीत असलेलं सीरम लावायचं आणि लेव्ही-जेनिंग्सच्या तक्त्यावर ठिपका टाकायचा. मधली रेघ म्हणजे सरासरी, वर-खाली एक, दोन, तीन एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप). वेस्टगार्डने १९८१ मध्ये नियम मांडले, एक ठिपका तीन एसडीच्या बाहेर गेला की थांबा, सलग दोन एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेले की थांबा, सलग दहा मधल्या रेघेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी हळूहळू सरकतंय, रिएजंट जुना झाला, दिवा कमजोर झाला. मला हा तक्ता भरायला मनापासून आवडायचा. पण कंट्रोल हा मशीनचा पुरावा आहे, ट्यूबचा नाही. ट्यूब कुणी, कधी, कशात भरली, वाटेत किती वेळ उन्हात राहिली हे मशीनला कुणी सांगत नाही, ते माणसानेच विचारायचं. मशीनच सगळं करते तर शिकायचं काय, ह्याला माझं उत्तर हेच आहे.

आता ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी, जशा आठवतील तशा.

वॉर्डात पाय ठेवायच्या आधी हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण करा, शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात, म्हणजे ॲडमिशन झाल्या झाल्या पहिला घ्यायला पाहिजे. सुई टोचली तर लपवू नका, साबण-पाण्याने धुऊन लगेच सांगा, एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जेवढं लवकर तेवढं चांगलं. सुईला टोपण परत लावायचं नाही, कधीच नाही.

स्वतःची लॅब टाकून एकटीने रिपोर्ट देईन असं डोक्यात असेल तर आधी समजून घ्या की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची लागते, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. आपलं काम त्या सहीच्या आधीचं. सरकारी भरतीत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, प्रयोगशाळा सहाय्यक अशा जागा निघतात, जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा, कुठली डिग्री चालते ते वेगवेगळं असतं. २०२१ मध्ये केंद्राने अलाईड हेल्थवाल्यांसाठी वेगळा कायदा केला, राष्ट्रीय आयोग आला, त्यामुळे अभ्यासक्रम आणि नोंदणी ह्यात बदल होत राहणार, कॉलेज मान्यताप्राप्त आहे का हे लेखी बघा. खाजगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, घरी आधीच सांगून ठेवा. माझ्या बॅचची दोघं पुण्याला गेली, एकजण एमएस्सी करतोय, मी सोलापुरातच आहे, हिमॅटॉलॉजीला.

आणि कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका. ज्याला स्वतःचं हॉस्पिटल नाही, जिथे पोरं तीन वर्षं फक्त जर्नल उतरवतात आणि बाहेरून आणलेल्या चार सॅम्पलवर प्रॅक्टिकल होतं, असंही मी जवळून बघितलंय, तिथल्या एका हुशार मुलीला इंटर्नशिपला आमच्यात येऊन पहिल्या दिवशी टुर्निकेट कसं बांधायचं विचारावं लागलं, ह्यात तिचा काय दोष. म्हणून चौकशीला जाल तेव्हा नुसतं माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. सकाळी नऊला कलेक्शन रूमच्या बाहेर थांबा, किती पेशंट येतात बघा. विद्यार्थ्यांना रात्रपाळी मिळते का विचारा, ब्लड बँक आहे का विचारा, टीबीच्या स्लाइड विद्यार्थी बघतात का विचारा, इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं का तेही विचारा, विचारायला लाजू नका. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल हे निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.